सुईचं टोक

३ जून १९९१
आले बाई एकदाची उल्हासनगरात! नवरा गेल्यापासून वांगणीच्या पाड्यावर दुसऱ्यांची भातं लावत होते. आता कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते, मागेच खोली आहे. पाच वर्षांची तुळशी दिवसभर चिंध्यांच्या ढिगावर खेळते. शेठ सिंधी, तोंडाचा फटकळ, पण पोरीला बिस्किटं दिली त्याने. शेजारच्या मशीनवरच्या सगुणाबाईने नियम सांगितला, सुई मोडली की सगळे तुकडे शेठला दाखवायचे, म्हणजे कपड्यात टोक राहत नाही; मगच नवी सुई. एवढंच ना? हसले मी.

११ जून
आज सुई मोडली. टोक काही सापडेना. शेठ कामावरून काढेल या भीतीने कचऱ्यातलं जुनं टोक उचलून दाखवलं. त्याने मान हलवली. माल गेला. लहान पोरांच्या पँटी होत्या.

१९ जून
आता प्रत्येक शिवण तीनदा अंगठ्याने दाबते. दाबली की जीव भांड्यात पडतो, मग पुन्हा धडधड. सगुणाबाईला टोकाचं सांगितलं. म्हणाली, शेठला खरं सांगून मोकळी हो. गेलेही होते. त्याचा चहाचा रिकामा कप तेवढा उचलून परत आले. थू माझ्यावर.

२७ जून
घरी तुळशीचा फ्रॉक तपासला. तीनदा, मग नऊदा. मग तिचा दंड. तिथे सुई कशी असेल, येडी का खुळी मी? पण दाबला तेव्हाच श्वास आला.

२ जुलै
पोरीच्या दंडावर निळे डाग. सगुणाबाईने विचारलं. पडली म्हणाले. तुळशीनेही मान डोलावली. माझं खोटं तिने सांभाळलं. कुठे तोंड लपवू?

५ जुलै
शपथ घेतली, आता नाही. दुपारी — घेतलंच तिला जवळ. रडत नाही ती आता.

८ जुलै
सापडलं! मशीनखालच्या धुळीत, सगुणाबाईला. माझ्या तळहातावर ठेवलं. जपून ठेवलेल्या मोडक्या सुईला बरोबर जुळलं. संपलं सगळं.
तरी घरी येऊन दंड दाबला. टोक हातात असून —

९ जुलै, दुपारी
तुळशी स्वतःच आली. बाही वर केलेली, हातात धागे कापायची कात्री. म्हणाली, आई, आत बघ ना, म्हणजे तुला बरं वाटेल.
लाज — इतकी लाज —
कात्री काढून घेतली. फळीवर ठेवणार आहे. आत्ताच. फक्त एकदा दाबून, मग —
काहीतरी लागतंय हाताला. हाडच असेल. हाडच. एकदाच बघते, म्हणजे