काड्या संपल्या होत्या तेव्हा

जळगाव, १० जानेवारी १९९९

अक्का, इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला वाचता येत नाही हे कारण मला पुरायचं. तुम्ही गेल्यावर पत्ता नाही हे दुसरं कारण मिळालं. सासूला पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करायची हेही मला धड ठाऊक नाही. सगळे तुम्हाला अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणाले, आणि आज लिहितानाही दुसरं काही सुचत नाही.

काल तुमचा नातू शाळेच्या सहलीहून आला. सहल तोरणमाळला होती. आता म्हणे आपला डोंगर धुळे जिल्ह्यात राहिला नाही, नवा जिल्हा झालाय. त्याने फोटो दाखवले. तलाव, गोरखनाथाचं मंदिर, आणि सीताखाईच्या काठावर दात काढून उभी असलेली दहावीची पोरं. मला म्हणाला, "तू तर तिथंच राहायचीस ना? मग तुझा एकही फोटो कसा नाही?" मी म्हटलं, आम्ही तिथं फिरायला नव्हतो. त्याला ते उत्तर पटलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाही पटेना, कारण आपण दोघी फिरलो होतो, अक्का. त्याला तसं कधी म्हटलं नाही, एवढंच.

ते दिवस आधी लिहून काढते. सासरे विश्रामगृहाचे खानसामा होते. ते गेल्यावर साहेब लोकांचं जेवणखाण तुम्हीच बघायचात. हे वनखात्यात कारकून होते, आणि आपण तिघं विश्रामगृहामागच्या दोन खोल्यांत राहायचो. मी बी.ए. होऊन जळगावहून लग्न करून तिथं आले. मग पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले आणि परत आले ती रिकाम्या हाताने. बाळ थोडेच दिवस राहिलं. तुमच्या ट्रंकेत त्याच्यासाठी शिवलेलं दुपटं होतं. मी आल्यावर ते कुठे गेलं, मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. हे सकाळी कामावर जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे, आणि कंदिलाची काच पुसत बसायचे. बाळाबद्दल एक शब्द नाही. मी मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

मग एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर, तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. हातात बांबूचं टोपलं.

"चाल व, काड्या येचाले."

मी हलले नाही.

"घरमा बठी बठी लाकूड व्हई जाशी. रडनं व्हई ते वाटवर रड. आठे मना चुल्हा वल्ला व्हस."

मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी उठले. बाहेर येऊन पाहते तर परसात सरपण वळचणीपर्यंत रचलेलं होतं. पावसाळाभर पुरलं असतं. मी त्या ढिगाकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टोपलं माझ्या डोक्यावर ठेवलंत आणि चालायला लागलात.

फाटकापाशी चौकीदार बसलेला. "कोठे चालन्यात सासू-वऊ? सहल काढी का आज?"

"तुना सरणनी सोय कराले जाई ऱ्हायनूत, भाऊ," तुम्ही न थांबता म्हणालात.

तो मोठ्याने हसला. मी हसले नाही, पण बऱ्याच दिवसांनी काहीतरी ऐकू आलं असं मला वाटलं. आपण तलावापर्यंत गेलो. तुम्ही पदराच्या गाठीतून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढलात. मी खाल्लं की नाही ते आठवत नाही. पाण्यावर ऊन होतं ते आठवतं. परतताना तुम्ही वाटेतल्या चार वाळक्या काड्या उचलून टोपल्यात टाकल्यात. चौकीदार वाट बघतच होता. "इतल्याच?"

"तू बारीकच शे. पुरतीन."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. जेवणं आटोपून साहेब लोक झोपले की निघायचं आणि त्यांच्या चहाच्या आधी चुलीशी परत यायचं. कधी मंदिराकडे, तिथल्या धुनीची राख भांड्यांना चांगली म्हणून. कधी कमळाच्या तळ्याकडे, कधी घाटाच्या वळणापर्यंत सीताफळं बघायला. तिथल्या वस्तीत कुठलीच बाई नुसती बघायला म्हणून बाहेर पडत नसे. बघायला जायचं ते पाहुण्यांनी. बाईच्या हातात टोपलं, कळशी किंवा विळा हवा, मग ती कुठेही दिसली तरी कुणी काही विचारत नाही. मला त्या दिवसांत कुणी काही विचारू नये एवढंच हवं होतं. लोकांना बाळाचं विचारावंसं वाटे, आणि डोक्यावर टोपलं दिसलं की ते काड्यांचं विचारत. हे तुम्ही ठरवून केलं होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चांगलं आठवावं म्हणून मी तुमच्या पदरी शहाणपण बांधते आहे, असंही असेल.

एक मात्र खात्रीने लिहिते. तुम्हाला त्या देखाव्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. सूर्यास्त बघायच्या जागी आपण गेलो ते भर दुपारी, कारण सूर्य बुडायच्या वेळेला चुलीवर साहेबांचा चहा असायचा. मी म्हटलं, "अक्का, इथून सूर्य मावळताना फार छान दिसतो म्हणतात." तुम्ही दरीकडे पाठ करून बसलेल्या, भाकरी मोडत होतात. "काय दखतस या लोके, देव जाने. खड्डा शे नुसता." आणि तिथंच सावलीला आडव्या होऊन घोरायला लागलात. मी एकटीच त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. खाली ढग सरकत होते. एका ढगाची सावली डोंगरावरून चढत चढत आपल्यापर्यंत आली, तुमच्या तोंडावरून गेली, आणि मला तुमच्या घोरण्याचं हसू आलं. बाळ गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू. तुम्ही झोपेत असल्यामुळे तुम्हाला ते कधी कळलंच नाही, म्हणून इथं लिहिते.

सगळीकडे नेलंत, पण सीताखाईकडे नाही. घरापासून ती काही लांब नव्हती. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडेच धावायचा. मी एकदोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "तठे काड्या नहीत." तिथं काड्यांचा खच होता, हे वस्तीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, म्हातारीला उंचीची भीती असेल. पण पुढे लक्षात यायला लागलं की रात्री मी पाणी प्यायला उठले तरी तुमच्या बांगड्या वाजतात. मी परसात गेले की तुम्हालाही परसात काम निघतं. मला तेव्हा खरंच तसं काही करायचं होतं का? आज प्रामाणिकपणे उत्तर शोधते आहे. ठरवलेलं नव्हतं. पण खाईचा विचार मनात यायचा, आणि तो आला की बरं वाटायचं. एवढं मी आजवर यांनाही सांगितलेलं नाही.

मग थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी तुम्ही स्वतःच त्या वाटेला वळलात. मी मागोमाग चालत राहिले. काठ जवळ आला तशा तुम्ही थांबलात, माझ्या लुगड्याचा पदर ओढून घेतलात आणि आपल्या पदराला त्याची गाठ मारलीत, लग्नात मारतात तशी घट्ट.

"वारा भलता शे," तुम्ही म्हणालात.

पानही हलत नव्हतं.

आपण बसतो. समोर खाई, पलीकडे डोंगरांच्या रांगा, खूप खाली पाण्याची एक चमकती रेघ. आज तुम्ही पाठ फिरवून बसलेल्या नाहीत. भाकरी काढलेली नाही. मी विचारते, "अक्का, तुम्हाला या दरीची भीती वाटते का?"

"दरीनी नही. तुनी वाटस."

तुम्ही त्या गाठीकडे बघता. ती इतकी आवळलेली असते की बोटांनी सुटत नाही, तेव्हा तुम्ही वाकून दातांनी सोडवता. मग टोपलं उचलता, म्हणता, "मी तठे आवळा दखस," आणि चालायला लागता. एकदाही मागे वळून बघत नाही. तुमची पाठ मला अजून दिसते, पोलक्याची ठिगळाची शिवण, आणि कमरेवर टेकवलेलं रिकामं टोपलं.

मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. खाईकडे पाहिलं. ती खरंच एक खड्डा होती. पदराचं टोक तुमच्या दातांनी ओलं झालेलं होतं, ते मुठीत धरून मी उठले आणि ओरडले, "अक्का, थांबा, मी येते." तुम्ही थांबलात. तरीही वळला नाहीत. मी जवळ आले तेव्हा तुम्ही डोळे पुसत होतात, आणि म्हणालात की आवळ्याच्या पानाचं कुसळ गेलं. त्या दिवशी मी टोपलं शिगोशीग भरलं. चौकीदाराने ते पाहिलं आणि उठून आपल्यासाठी फाटक उघडून धरलं.

पुढे हा मुलगा झाला, यांची बदली झाली, आणि आपण खाली उतरलो. तुम्ही शेवटच्या आजारात धुळ्याच्या दवाखान्यात होतात, तेव्हा एकदा मी तुमचे पाय चेपता चेपता विषय काढला. "अक्का, त्या वेळी तुम्ही मला रोज बाहेर नेलंत, ते..." पुढचा शब्द मला जमेना. आपल्या घरात आभार कुणी मानत नाही. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तव्हय काड्या सरी गयथ्यात." बस. ती भरलेली वळचण मी पाहिली होती, मी ती पाहिली हे तुम्हाला माहीत होतं, तरी शेवटपर्यंत तुम्ही तुमचा शब्द बदलला नाहीत.

आता आजचं. आम्ही इथं जळगावातच मेहरूणला राहतो. सकाळी मी तलावावर फिरायला जाते, आणि कुणी विचारायला नको म्हणून हातात भाजीची पिशवी असते. हे हसतात. आमच्या समोरच्या भाभींची मोठी लेक पावसाळ्यात तापाने गेली. त्यानंतर भाभी उंबऱ्याबाहेर दिसलेल्या नाहीत. सुरुवातीला मी डबा घेऊन गेले होते. त्या "ठेवा, वहिनी" म्हणाल्या आणि मला पुढे काही बोलता आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या दारावरून जाते, पडदा हलताना बघते, आणि पावलं जरा भरभर टाकते. मनात म्हणते, योग्य शब्द सापडले की जाईन. मी शिकलेली, त्यामुळे मला आधी शब्द हवे असतात. तुमच्याकडे शब्द नव्हते असं नाही, पण तुम्ही चार महिन्यांत माझं एकदाही सांत्वन केलं नाहीत. हे आज लिहिताना पहिल्यांदा लक्षात येतं आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? इथंच डायरीत राहील. रिकामं टोपलं घेऊन तुम्ही जशा पाठ फिरवून चालत गेलात, तसं मला जमेल असं वाटत नाही, हे कबूल करते. पण तलावापर्यंत जाऊन यायला जमेल.

उद्याचं काम: सकाळी दोन पिशव्या घेणे. फ्रीजमध्ये मेथीच्या तीन जुड्या आहेत. भाभींना सांगणे, मेथी संपली.