टोबियासच्या व्हॅनची चाल

सिल्व्हर सिटी, मंगळवार

प्रिय कॉरिन,

तू सुखरूप पोचल्याचं तुझ्या सासूने, रमोनाने, सांगितलं. फोनवरचं बोलणं आता माझ्या कानांच्या आवाक्यात राहिलेलं नाही, पण तुम्ही दोघी हसत होतात एवढं तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळलं. डोंगर चढताना गाडी एकदाही बंद पडली नाही, आणि तुझा ड्वाइट दारातच वाट बघत उभा होता म्हणे. बरं वाटलं. तू करून ठेवलेले मक्याच्या पिठाचे तमाले संपले. शेवटचा कुणी खाल्ला यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.

त्या दिवशी अंगणात गाडी लावलीस तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. उतारावरून चौकात येताना इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि मागचा ट्रक कसाबसा थांबला, असं तू रमोनाला सांगत होतीस. "आता विकूनच टाकते," हे तर मला नुसत्या ओठांवरून कळलं. माझ्या टोबियासने ही व्हॅन भंगारातून आणली तेव्हा मीच त्याला वेड्यात काढलं होतं. तो देवाघरी गेल्यावर तू ती एकटीने चालवलीस, सांभाळलीस. विकायची की ठेवायची, ते ठरवणारी तूच. म्हणून मी हत्यारांची पेटी तेवढी घेऊन आलो.

पण पोरी, आयुष्यभर मी गॅरेज चालवलं ते कानांच्या जोरावर. बॉनेट उघडायच्या आत रोग सांगायचो. आता उभ्या गाडीचं इंजिन धापा टाकतंय की शांत आहे, तेही कळेना. तळहात ठेवला तर सगळंच थरथरत होतं. मी हात पुसून उठणार, तेवढ्यात तू समोर येऊन सावकाश म्हणालीस, "पापा, कान माझे, हात तुमचे. चालेल?" मग इंजिन चढलं की तुझा हात हवेत वर, पडलं की खाली.

गाडी उभी असताना इंजिनला हवा पुरवणारा छोटा व्हॉल्व्ह मी साफ केला, चिरलेली नळी बदलली. तुझा हात वरखालीच. मग त्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. किल्ली फिरवली की तो मधमाशीसारखा गुणगुणायला हवा, ते बोटालाही कळतं. इथे ते मधेच यायचं, मधेच जायचं. मागच्या दिव्याआड त्याला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. त्या डब्याला टिचकी मारली की गुणगुण परत सुरू. रोग सापडला! असा डबा आता नवा मिळत नाही, म्हणून आपण तोच उघडला. एका पिनेभोवतीच्या सोल्डरच्या डाखाला केसाएवढी चीर होती. तू भिंग धरलंस, मी नवा डाख दिला. "हलू नका ना," म्हणून मलाच दटावलंस, आणि हलत होतीस तू!

गाडी सुरू केली. तुझा हात वर गेला, जरासा खाली आला आणि टेबलावर ठेवल्यासारखा स्थिर राहिला. दिवे लावले, हीटर लावला, तरी हलला नाही. त्या हाताकडे बघताना खूप दिवसांनी मला इंजिन ऐकू आलं. त्याबद्दल तुझे आभार कसे मानू?

निघताना, इंजिन चालू असताना, तू खिडकीतून काहीतरी विचारलंस. मला वाटलं, गाडीबद्दलच असणार. मी हसून मान डोलावली, दारावर थाप मारली आणि ओरडलो, "जा निर्धास्त!" तुझा चेहरा उतरलेला दिसला, पण का ते कळलं नाही. काल रमोनाने विचारलं, "पोरीला काय उत्तर दिलंस?" कसलं उत्तर? तेव्हा तिने समोर बसवून सगळं सांगितलं. ड्वाइटशी लग्न करते आहेस, तुझे वडील नाहीत, आणि चर्चमध्ये तुला हाताला धरून वेदीपर्यंत मी नेईन का, हे तू मला विचारत होतीस. "बहिऱ्याने डोलावलेली मान ती काय धरून चालणार? नीट लिहून कळव," असं रमोना म्हणाली. म्हणून हे पत्र. हो, कॉरिन. येईन. टोबियासचा बाप म्हणून येईन आणि तुझाही. फक्त संगीत कधी सुरू होतं ते मला कळणार नाही. निघायची वेळ झाली की माझा हात दाब.

तुझाच,
पापा एलिसेओ