देह कोणाच्या नावावर

त्या सकाळी मी दुकान झाडलं, मशीनला तेल दिलं, बॉबिनी भरल्या, इस्त्री तापत ठेवली आणि नेहमीसारखी ह्यांच्यासमोर उभी राहिले. कपडे बेतायचा पुतळा आम्हाला कधी परवडला नाही, म्हणून बायकांचे कपडे माझ्याच अंगावर बेतले जात. तोंडातल्या टाचण्या सांभाळत हे पुटपुटले, "हलू नकोस गं." आणि खाली बसले, ते उठले नाहीत.

मी त्यांची पत्नी, वय एकाहत्तर, कटिंगसाठी आणलेल्या रद्दीवरून वाचायला शिकलेली. पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. दुकान आणि मागची खोली मुलीला. पोरी, भाडेकरू ठेवलास तर छताची गळती त्याला आधीच सांग.

२. मशीन आणि मोठी कात्री समोरच्या रफूवालीला. त्या कात्रीने कागद कापून तिने धार घालवली, तर मी असेन तिथून शिव्या देईन.

३. थोरल्या दिरांना काही नाही. ह्यांनी मरणोत्तर देह वैद्यकीय कॉलेजला द्यायचं ठरवून सही केली होती. कॉलेजची गाडी दारात उभी होती, आणि भाऊजी आडवे आले. आमचं रक्त आहे, कापायला देणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, त्यांनी स्वतः लिहून दिलंय. त्यावर म्हणाले, "मेलेल्या माणसाचं काय चालतं?" गाडी रिकामी परत गेली. भाऊजींना हवा होता तो देह त्यांनी त्याच दिवशी स्मशानात नेला.

४. माझा देह. वकील म्हणाले, "काकू, घर देता येतं, देह नाही. तो मालमत्तेत धरत नाहीत. तुमच्यामागे मुलगी म्हणेल ते होईल."

मी ह्यावर पुष्कळ विचार केला. हवं तसं वापरता येणं म्हणजे मालकी, तर हा देह माझा कधीच नव्हता. पोरी, त्यात तू नऊ महिने राहिलीस, ते काही मला विचारून नव्हे. परक्या बायकांच्या झग्यांसाठी तो तासन्‌तास उभा राहिला. म्हातारपणही न विचारताच आत शिरलं. पण टाचणी टोचली की कळ मलाच यायची. ती ह्यांना सांगता यायची, देता यायची नाही. मालकीचा पुरावा म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, आणि मेल्यावर तेही राहणार नाही.

म्हणून हा हुकूम नाही, विनंती आहे. मला कॉलेजला दे. तू म्हणालीस, "आई, शिकाऊ पोरं तुला वेडंवाकडं कापतील गं." कापू देत. पहिला हात कोणाचा सरळ चालतो? तुझा जीव धजावला नाही, तर मी रागावणार नाही. मात्र तुला सोसवत नाही म्हणून नाही म्हण. माझा मान राखण्यासाठी म्हणून नको.

सही: शिंपीणकाकू
साक्षीदार: वाचनालयाच्या बाई, कोपऱ्यावरचे औषधवाले
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर

पुरवणी: दुसऱ्या दिवशी मी हा कागद घेऊन मुलीकडे गेले. तो तिच्या हातात दिला, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.