दारांच्या लाइनवरची मिळकत आणि हरकत

मी, खाली सही करणारी, मोटारींच्या कारखान्यात दारे बसवत आयुष्य गेलेली आणि म्हणून गावभर ‘दारवाली’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तपासून डॉक्टरांनी खाली सही केली आहे. मी हट्टी आहे असेही ते म्हणाले, पण तो आजार नव्हे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. मागच्या खोलीची खिडकी घट्ट बसते. तिला रंधा मारून घ्यावा, आदळू नये.

२. स्टेशनामागचे दारे-पत्रे दुरुस्तीचे दुकान तिथे राबणाऱ्या सगळ्यांचे, समान हिश्शाने. त्यात माझा थोरला भाऊ आला. यावर कोणी भुवया उंचावू नयेत, म्हणून कारण लिहिते.

समुद्रापलीकडे हेच काम फार कमी पगारात होते, म्हणून तुम्हीही पगार उतरवून घ्या, असा कागद कंपनीने आमच्यापुढे ठेवला. मी मॅनेजरसाहेबांना विचारले, “साहेब, तुमचा पगार कुठल्या बाजारभावाने ठरतो?” ते म्हणाले, “बाई, जगच बदललंय, माझ्या हातात काय आहे?” त्यांच्या हातात पेन होते. मी ते घेतले नाही. दादाने घेतले.

सही न करणाऱ्यांना गेटबाहेर काढले. आम्ही ते दुकान उघडले. दादाला मी गेटवर, चारचौघांत फितूर म्हटले, आणि तो शब्द मी आजही मागे घेत नाही. सह्या करणाऱ्यांना कंपनीने थोडे दिवस राबवले आणि मग सगळी लाइन उचलून पलीकडे नेली. दादा एका सकाळी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. खाली मान, हातात डबा.

“काम आहे का?” एवढेच बोलला.

“हातोडी तिकडे आहे,” मी म्हटले.

तेव्हापासून तो आमच्यात आहे. त्याचा हिस्सा माफी म्हणून नव्हे. त्याने पत्रे ठोकलेत, म्हणून.

३. माझी बँकेतील शिल्लक निम्मी मुलीला, निम्मी समुद्रापलीकडच्या कारखान्यातल्या वेल्डरबाईला. इथेच वाद होणार, हे मला ठाऊक आहे.

लाइन हलवण्याआधी तिकडच्या कामगारांना शिकायला इथे आणले होते. त्यांतली ही एक. तिच्या हातून दार सारखे अडकायचे, म्हणून कोणाला तरी विचारत ती आमच्या दुकानात पोचली. आमची माणसे उसळली, “हिच्यामुळे आपल्या चुली विझल्या, हिला काय शिकवायचं?” मी म्हटले, “चुली विझवणारा गाडीतून फिरतो. ही चालत आली आहे.” मी तिला बिजागरी आधी सैल ठेवायला शिकवले. आमच्या भाषेतला ‘ताई’ हा एकच शब्द घेऊन ती परत गेली.

पुढे तिच्याही हातात तोच कागद आला. आणखी कुठे तरी आणखी स्वस्त माणसे सापडली होती. तिने सही केली नाही. आज ती तिकडच्या गेटबाहेर आपल्या माणसांसोबत बसली आहे. मुलगी म्हणाली, “आई, परक्या बाईला देतेस?” बाळा, परके कोण ते मी गेटवर नीट पाहिले आहे. ही त्यांतली नाही. या कलमाला हरकत घेशील, तर तुझा निम्मा वाटाही तिलाच जाईल.

४. माजी मॅनेजरसाहेब माझ्या पश्चात भाषण करायला आले, तर त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे. माइक देऊ नये.

५. माझ्या जाण्याच्या दिवशी दुकान बंद ठेवू नये. आमचे काम बंद करायचा अधिकार एकाने एकदा वापरला, तेवढे पुरे. मला पोचवून या, हात धुवा आणि शटर वर करा. गिऱ्हाइकाला दार वेळेवर मिळाले पाहिजे.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

सही: दारवाली

साक्षीदार: १. डॉक्टर. २. शेजारची शिंपीणबाई.
(दादाला सही करायची होती. हिस्सेदाराला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. तो बाजूला उभा राहिला.)

ठिकाण: दुकानातील कामाचे टेबल
दिनांक: आजचा, कामाचा वार