अंगदबद्दल लिहून दिलेले खोटे

मी रखमाजी पुंजाजी गडदे, वय अंदाजे एकाहत्तर, धंदा शेती व शेळ्या, राहणार डोंगरकड्याजवळची वाडी, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र लिहवून घेतो. काळीज दुबळे झाले आहे, पण डोके जाग्यावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही. ग्यानोबा खिल्लारे गुरुजी माझे बोलणे सरळ करून लिहीत आहेत.

कलम १. पत्नी सिंधूबाई आधीच वारली. वारस एकच, मुलगा अंगद. अडीच एकर कोरडवाहू व राहते घर त्याचे. त्यात कोणी तोंड घालू नये.

कलम २. शेळ्यांपैकी दोन काळ्या दुभत्या नात दीपमालाच्या. का, ते पुढे येईल. शेळ्यांनी त्याची भरपाई होत नाही, हे मला कळते.

कलम ३. पुतण्या हनुमान याला काही नाही. तो चावडीवर सांगत फिरतो, "काकाला अग्नी मीच देणार, अंगदनं तर म्हाताऱ्याला टाकून देलं." त्याला माझी जुनी घोंगडी देणार होतो, तीही आता कुत्र्याखाली घालावी.

कलम ४. इथे गुरुजी म्हणाले, "रखमाजी, हे मृत्युपत्रात बसत न्हाई." मी म्हटले, बसवा.

सन २००३ मध्ये मला छातीचा झटका आला. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या व बजावले, मरेपर्यंत चुकवायच्या नाहीत. गोळ्या महाग. अंगदने वर्षभर आणल्या. त्यापायी आधी त्याची सायकल गेली, मग सुनेच्या कानातले गेले. तेव्हा कळले की श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्यांना महिन्याला पैसे मिळतात, गोळ्यांचे भागेल. आम्ही दोघे बापलेक तहसिलीला गेलो. बाहेर अर्ज लिहिणारा बसतो. तो म्हणाला, "कमावतं पोरगं घरात असलं तर अर्ज टिकत न्हाई. मुलगा सांभाळत नाही, असं लिहून द्या." माझा जीव होईना. अंगदच म्हणाला, "लिहा की बा. कागदच हाय. कोण वाचून राह्यलं?" मी अंगठा टेकवला.

वाचले हो, वाचले. ग्रामसभेत यादी मंजूर करायची होती. ग्रामसेवकाने यादीबरोबर माझा कागदही भोंग्यावर वाचला: "माझा एकुलता एक मुलगा अंगद हा मला अन्नपाणी व औषध देत नाही." अंगद त्याच वेळी नांदेडहून परतून लोकांच्या मागे उभा होता. हातात माझ्याच गोळ्यांची पिशवी. सगळे गाव वळून त्याच्याकडे पाहू लागले. मी उठून म्हणायला पाहिजे होते, हे खोटे आहे. मी उठलो नाही. अर्ज बाद होईल म्हणून खाली मान घालून बसून राहिलो.

घरी आल्यावर त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या बा, गोळीची येळ झाली." एवढेच बोलला.

पुढच्या वर्षी पुसेगावचे पाहुणे दीपमालाला पसंत करून गेले होते. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि निरोप आला, "बापाला टाकणाऱ्याच्या घरची पोरगी आमाला न्हाई पायजे." पोरगी दोन दिवस जेवली नाही. अजून बिनलग्नाची आहे. तरीही दरवर्षी मी हयातीचा दाखला घेऊन तहसिलीला गेलो, आणि विचारल्यावर तेच बोललो. चार वेळा. मला मरणाची भीती वाटत होती, दुसरे काही नाही. मला माझीच लाज वाटते. अंगदने एका शब्दाने कधी दुखवले नाही, त्याचीच जास्त तकलीफ होते.

तरी आज लिहून देतो: अंगदने मला सांभाळले. एक वेळचे जेवण चुकवले नाही, एक गोळी चुकवली नाही.

कलम ५. उरलेल्या गोळ्या शेजारच्या भिकाबाईला, डॉक्टरांना विचारून, द्याव्या. तिलाही छातीचाच आजार आहे. तिला खरेच कोणी नाही, आणि तिचा अर्ज वयाचा दाखला नाही म्हणून परत आला. सरकारने मला दिलेले परत मागितले तर बाकीच्या शेळ्या विकून द्यावे. अंगदकडे बोट दाखवू नये, खोटे मी बोललो.

कलम ६. आमच्याकडे मसणवाट्यात कोणीतरी उठून मेलेल्याबद्दल चार शब्द बोलतो. कालपर्यंत शिव्या खाणारा माणूसही तिथे देवमाणूस होतो. माझ्याबद्दल काही बोलू नये. सरण पेटायच्या आधी सगळ्यांना खाली बसवून गुरुजींनी कलम चौथे मोठ्याने वाचावे. हनुमान पुढेच उभा राहील, त्याला बराबर ऐकू जाईल. एक प्रत पुसेगावला पाठवावी. अंगद म्हणेल, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, आता काहून?" त्याचे ऐकू नये. वाचून झाल्यावर त्यानेच अग्नी द्यावा.

अंगदा, हे जिवंतपणी बोललो असतो तर गोळ्या बंद पडल्या असत्या. आता गोळ्यांचे काम नाही.

तहसिलीतल्या कागदावर आणि या कागदावर अंगठा माझाच आहे. खरा हा धरावा.

लिहून देणार: रखमाजी पुंजाजी गडदे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. ग्यानोबा खिल्लारे, निवृत्त शिक्षक. मी वाचून दाखवले, ऐकताना रखमाजी रडले, पण एक शब्द बदलू दिला नाही.
२. बाबूसिंग राठोड, जीपचालक. गोळ्या आणायला अंगदला दर महिन्याला नांदेडला मीच नेले आहे.

ठिकाण: डोंगरकडा
दिनांक: १२ नोव्हेंबर २००८