धुतलेल्या रेकॉर्ड

रविवार, संध्याकाळ. अयोध्या नगर

आईने आज बाबांच्या सातही रेकॉर्ड भांड्यांच्या साबणाने धुतल्या आणि गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातल्या. भोपाळचं मे महिन्यातलं ऊन! पापडांसारख्याच वाकल्या सगळ्या. सत्तरच्या दशकात कारखान्याने ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा बाबांनी लंडनहून आणलेलं रेगे आणि डब, म्हणजे जमैकाचं संगीत. आता कुठे मिळणार?

मी ओरडलेच. "आई, हे काय केलंस?"

ती बिचारी गोंधळली. "अगं, गेल्या वर्षीपासून गाणारा मध्येच गायब होतो, नुसतं धपधप उरतं. म्हटलं कचरा अडकला असेल. बाबांच्या वर्षश्राद्धाला नीट वाजायला हव्यात ना!"

मी म्हटलं, डब असंच असतं. गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम काढून टाकतात, ड्रम आणि बेस तेवढे ठेवतात.

"काहीतरीच! तिथे आवाज होता. स्वयंपाकघरातून रोज ऐकलाय मी." आणि तिने गुणगुणून दाखवलं. शब्द नाहीत, नुसतं खर्जातलं हं हं, आणि शेवटी बारीकसा खोकला.

तो खोकला! आवाज गेला की त्या रिकाम्या जागेत बाबा गुणगुणायचे, खुर्चीत डोळे मिटून. मी समोर बसून पाहिलंय. आईला बिलकुल माहीत नाही? इतकी वर्षं ती बाबांनाच रेकॉर्डवरचा गाणारा समजत होती?

गेल्या वर्षीपासून, म्हणाली ती.

अजून काही सांगितलेलं नाही मी. आत पापड डब्यात भरताना ती तेच गुणगुणतेय, खोकल्यासकट.