आधी सही, मग चहा

११ जुलै, शुक्रवार

मंगळवार, ८ जुलै, सकाळी ११.२०. वेळ नक्की आठवते. बैठक साडेअकराची होती आणि मी दहा मिनिटं आधी पोचले, याचा तोरा मिरवत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. त्याच मिनिटाला मी प्रज्ञाचं, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं, वर्ष बुडवलं.

आज तिने कॉलेजच्या पत्राचा फोटो पाठवला. सोबत एक शब्द नाही. ‘तक्रार निवारण समितीने विद्यार्थिनीचे म्हणणे ऐकून, सखोल चर्चेअंती, तक्रार तथ्यहीन असल्याचे एकमताने ठरविले.’ पत्राला समितीच्या सह्यांचं पान जोडलेलं. तिसरी सही माझी. सुवाच्य, शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेली.

कसलं म्हणणं? कसली चर्चा? मंगळवारी आम्ही पाच जणांनी दाल-पकवान खाल्लं. प्राचार्य म्हणाले, मुलगी आलीच नाही, पुढची तारीख घेऊ. मी हो म्हटलं आणि पावणेबारालाच मागच्या फाटकाने बाहेर पडले.

सही मात्र आल्याआल्याच झाली होती. भोईर शिपाई कोरं पान आणि चहाचा ट्रे एकदमच आणतो. ‘मॅडम, आधी सही, मग चहा.’ निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, तेव्हापासूनची रीत. इतिवृत्त मागाहून वर चढवतात. मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं.

आज पाणी नाही. भांडी तशीच पडली आहेत. पडू देत.

१२ जुलै

नीट लिहून ठेवते, रागात तपशील निसटतात.

आमची लॅब डिसेंबरपासून संस्थेच्या सचिवांच्या भाच्याच्या कोचिंग क्लासला दिली आहे. गॅसच्या नळ्या काढल्या, बेसिनवर फळ्या ठोकल्या. सहामाहीत एकही प्रॅक्टिकल नाही. परीक्षासुद्धा नाही. सगळ्या वर्गाला घरबसल्या चाळीसपैकी छत्तीस, सदतीस. एकट्या प्रज्ञाने लेखी तक्रार केली, की प्रॅक्टिकल झालेलीच नाहीत, मला शिकायचं आहे. तिच्या निकालावर ‘गैरहजर’. म्हणजे नापास. मंगळवारी समितीपुढे होती ती तक्रार याविरुद्धची.

जी परीक्षा झालीच नाही, तिला ही एकटी गैरहजर! इतका निर्लज्जपणा करायलाही डोकं लागतं. ते यांनी शिकवण्यात वापरलं असतं तर.

एम.एस्सी.ची जागा तिला दुसरीकडे मिळाली आहे. पास झाल्याची मार्कशीट २५ तारखेपर्यंत द्यायची, नाहीतर जागा गेली.

प्रज्ञाला चार फोन केले. उचलत नाही.

१४ जुलै, सोमवार

विद्यापीठात गेले. दीड तास बसवलं. खिडकीतला माणूस कागद न बघता म्हणाला, ‘मॅडम, कॉलेज ऑटोनॉमस आहे. पेपर त्यांचा, निकाल त्यांचा.’

‘आणि तक्रार?’

‘तीपण त्यांच्याकडेच करायची ना.’

‘ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे?’

‘सिस्टीम आहे मॅडम. मैं क्या बोलूँ?’

तिथून सरकारी कार्यालय. तिथल्या बाई गोड. ‘शैक्षणिक बाब आहे, विद्यापीठाकडे जा.’ तिथूनच आले म्हटल्यावर आणखी गोड हसल्या.

स्वायत्ततेच्या बाजूने स्टाफ मीटिंगमध्ये सर्वांत मोठ्याने मीच बोलले होते. वाटलं होतं, जुनाट प्रयोग काढून टाकू, मुलांना बारवी धरणाचं पाणी तपासायला लावू, उल्हास नदीचे नमुने आणू. अभ्यासक्रम लिहायला दोन सुट्ट्या घालवल्या. आणि झालं काय? सचिवांना विचारणारं वर कोणी उरलं नाही. दार आम्ही उघडलं, मोकळे झाले ते.

घरी आले तर हे म्हणतात, ‘तू रिटायर झालीस ना? बीपी बघ आधी.’ बघितलं. सांगितलं नाही.

१६ जुलै

शेवटी अंबरनाथला तिच्या घरीच गेले. आई कंपनीत पॅकिंगला आहे, दुसरी पाळी, म्हणून सकाळी भेटल्या. खुर्ची पुसून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रज्ञा आतून येईना. आईच बोलल्या. ‘मॅडम, ती नऊ वाजल्यापास्नं गेटवर होती. वॉचमन बोलला, मीटिंग कॅन्सल, घरी जा. तरी एकपर्यंत उभी राहिली. तुम्हाला रिक्षातून उतरताना बघितलं तिने. बोलली, आई, आता टेन्शन नाही, आपल्या मॅडम आहेत आत.’

त्यांनी पाणी आणून दिलं.

‘मग ते लेटर आलं. तुमची सही बघून दोन दिवस जेवली नाही. मी बोलले, अगं, मोठी माणसं वाचून सही करतात. काहीतरी विचार केला असेल.’

न वाचता केली, हे त्या घरात, त्या खुर्चीवर बसून सांगावं लागलं. प्रज्ञा तेव्हा दारात आली. ‘म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं, मॅडम?’ चेहऱ्यावर सुटका दिसली. मला नकोशी झाली ती सुटका. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१७ जुलै

प्राचार्यांना भेटले. एकेकाळी माझ्या हाताखाली लेक्चरर होते. टायट्रेशन कधी धड जमलं नाही.

‘मॅडम, तुम्ही आमच्या सीनियर. कशाला मनाला लावून घेता? पुढच्या वर्षी बसेल ती.’

‘कोणत्या परीक्षेला? झाली तर बसेल ना.’

मग हळूच, ‘सही तुमचीच आहे. कोऱ्या पानावर केली म्हणालात, तर मागच्या सगळ्या सह्यांचं काय? तुमचंच हसं होईल.’

हे मात्र खरं बोलला.

समितीवर मी तीन वर्षं आहे. आठ-नऊ बैठका. त्यातल्या एकीत हॉस्टेलच्या कुठल्याशा मुलीचा अर्ज होता, एवढं आठवतं. नाव आठवत नाही. त्या दिवशी खायला कोकी होती, हे आठवतं. शी.

१८ जुलै, शुक्रवार

पत्र लिहिलं. मराठीत, हाताने. तीनदा फाडलं. ह्यांनी एकदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, ‘मागच्या सह्यांचंही लिहितेस?’ हो. ‘लिही मग.’

बाराला कॉलेजात. आवक-जावक टेबलावर मोटवानी. ‘आओ मॅडम, बैठो! भोईर, मॅडमसाठी चाय.’ मी दोन्ही प्रती पुढे ठेवल्या. म्हटलं, ‘आधी पोच, मग चहा.’ हसला. न वाचता शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, सही केली, तारीख आणि वेळसुद्धा. दोन्ही प्रतींवर. माझी प्रत पर्समध्ये गेली तेव्हा कुठे त्याची नजर कागदावर गेली.

‘मॅडम... ये क्या दे दिया आपने?’

भोईर ट्रे घेऊन उभाच. चहा घेतला नाही. फाटकापाशी तो मागून आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, पोरगी त्या दिवशी गेटवर व्हती, मी बगितली. कोनी इचारला तर सांगन.’ सांगेल का? नोकरीची दोन वर्षं उरली आहेत त्याची.

एक प्रत विद्यापीठाला, एक त्या गोड बाईंना, रजिस्टर्ड. प्रज्ञाला फोनवर फोटो. तिचा मेसेज: ‘मिळालं मॅडम.’ एवढंच. बरोबर आहे.

पत्राचा शेवट इथे उतरवून ठेवते:

‘८ जुलै रोजी सकाळी ११.२० वाजता मी कोऱ्या पानावर सही केली. त्या बैठकीत विद्यार्थिनीला ऐकले गेले नाही, चर्चा झाली नाही, मी कोणत्याही ठरावाला संमती दिलेली नाही. गेल्या तीन वर्षांतील माझ्या सर्व सह्या अशाच घेतल्या गेल्या, आणि मी त्या दिल्या. हा माझा दोष आहे व तो मी लेखी कबूल करते. त्या सर्व तक्रारी पुन्हा उघडाव्यात. ही प्रॅक्टिकल परीक्षा कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणत्या परीक्षकाने घेतली, आणि प्रज्ञाला कोणत्या नोंदीवरून गैरहजर ठरवले, याचे लेखी उत्तर मला मंगळवार, २२ जुलै, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मिळाले पाहिजे. उत्तराखाली सही असावी. करणाऱ्याने ते आधी वाचावे.’